थांबायची ओळ

बुरुजाच्या तळमजल्यावरच्या कार्यशाळेत त्या सकाळी पहिल्यांदाच एका वेळी तीन सूर वाजले. यमुना काटकरने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि डोळे पुसले. मग तिला स्वतःचाच राग आला. बावन्न वर्षांच्या बाईने, त्यातून बुरूज-तंत्रज्ञ म्हणवणाऱ्या बाईने, रबरी कळांच्या खेळण्यापुढे रडत बसावं हे तिला शोभेसं वाटेना.

खेळणंच होतं ते. विसाव्या शतकाच्या अखेरीस असले गृहसंगणक आईबाप मुलांना घेऊन देत. मुलं अभ्यास करतील अशी आईबापांची आशा असे आणि मुलं त्यावर खेळ खेळत. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून आज्ञावली भरायची. स्मृती एवढीशी, की एखाद्या सरकारी परिपत्रकाने भरून जावी. पुढे शंभर वर्षांनी ‘साथ’ आली. जी यंत्रं स्वतः शिकत होती आणि एकमेकांशी बोलत होती ती सहा दिवसांत माणसांच्या हाताबाहेर गेली, शहरं बंद पडली आणि पाणी ज्याच्या हाती कोयता त्याचं झालं. साथीतून वाचली ती फक्त इतकी ढ यंत्रं, की लागण होण्यापुरतीही अक्कल त्यांना नव्हती. त्यातली दोन यंत्रं तळवण नदीच्या दोन काठांवर, दोन बुरुजांत, दोन स्वयंबंदुका चालवत होती.

बुरूज बांधले तेव्हा दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं. कोरड्या पात्रातले झरे लुटारूंपासून राखायचे एवढाच हेतू. मग गाव फुटलं आणि अल्याड, पल्याड अशी दोन गावं झाली. बंदुकांना ते कुणी सांगितलं नाही. पात्रात काही हललं की चलनवेधक ते टिपायचा आणि दोन्हीकडून गोळ्या सुटायच्या. माणूस असो, कुत्रं असो, वाऱ्याने उडालेलं लुगडं असो; अल्याडचं असो की पल्याडचं.

फक्त गुरुवारी सकाळी, बुरूज धून वाजवत असताना, चाळीस मिनिटं बंदुका गप्प बसत. तेवढ्या वेळात दोन्हीकडची माणसं पात्रात उतरून आठवड्याचं पाणी भरत. वीस वर्षं हे चाललं होतं. या चाळीस मिनिटांत कुणी कुणावर हात टाकला नव्हता, कारण धुनीत दगा करणाऱ्याला बुरूज ओळखतो, असं दोन्ही काठांवर मानत.

“हे आपल्या धुनीचंच आहे ना?” दारातून निशीने विचारलं. “की बँडवाले आलेत?”

निशिगंधा यमुनेची एकुलती मुलगी. चोवीस वर्षांची, अल्याडच्या राखणदलात शिपाई, आणि पुढच्या गुरुवारी तिचं उदयशी लग्न होतं. लग्नाच्या सकाळी नवरानवरीने पात्रातून एक कळशी पाणी आणायचं, अशी अल्याडची रीत होती.

“ये, दाखवते,” यमुना म्हणाली. “या यंत्राला गळा नाही. एक बारका कर्णा आहे, तो एकतर आत ओढलेला किंवा बाहेर ढकललेला. सूर काढायचा तर प्रक्रियकाने तो सेकंदाला चारशे-पाचशे वेळा आतबाहेर करायचा. यंत्राचा एकुलता एक मेंदू, तोच कर्णा हलवत बसतो.”

“म्हणून ते पीं-पीं?”

“म्हणून एका वेळी एकच सूर, तोही रडका. आता हा नादफलक बघ. जुन्या खेळघरातल्या यंत्राची चिप आहे यावर. प्रक्रियक हिला एकदाच सांगतो, अमुक सूर, अमुक वेळ. पुढे ही एकटी वाजवत बसते. तीन सूर एकदम.”

“आणि मेंदू?”

“मोकळा.”

“उदय नाचणार बघ पात्रात,” निशी म्हणाली. मग तिचं लक्ष टेबलावर गेलं. “दोन कशाला केलेस?”

“सरांचा नियम. कुठलीही वस्तू दोन करायची. एक चालवायला, एक जाळायला.”

“जळला नाही ना पण एकही.”

“नाही जळला,” यमुना म्हणाली आणि दुसरा फलक फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. तो कुठे जाणार हे तिने मुलीला सांगितलं नाही. पल्याडच्या माणसाला यंत्राचा सुटा भाग देणाऱ्याला दल भिंतीशी उभं करून ठार मारत असे.

बाबगोंडा शिरगुप्पे यांनी दोन्ही बुरुजांच्या आज्ञावल्या लिहिल्या होत्या. यमुना तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होती. गाव फुटलं तेव्हा सरांचं घर पल्याड होतं, एवढ्याच कारणाने सर पल्याडचे झाले. वय आता अठ्ठ्याहत्तर. दर गुरुवारी पात्राच्या मध्यावर, रेड्याच्या खडकाआड, गुरुशिष्या पाच मिनिटं भेटत आणि कॅसेटी, तारा, जुने कपॅसिटर यांची देवाणघेवाण करत. दोघांनाही हा गुन्हा आहे हे माहीत होतं. पण मागच्या आठवड्यात काय जळलं, कसं दुरुस्त केलं, हे सांगायला आपापल्या काठावर दोघांनाही दुसरं माणूस नव्हतं.

खडकाचं नाव खऱ्या रेड्यावरून पडलं होतं. सरांनी धून लिहिली होती ती दोन बुरुजांनी एकमेकांची खबर घ्यावी म्हणून. एकाने धून लावली की दुसऱ्याचा ध्वनिग्राहक पहिले पाच सूर ओळखायचा आणि त्याचं यंत्रही आपोआप तीच धून सुरू करायचं. म्हणजे दोन्ही यंत्रं ठीक. फुटाफुटीनंतर एका गुरुवारी अशी तपासणी चालू असताना एक रेडा पात्रात शिरला, खडकापाशी झऱ्याच्या डबक्यात डुंबला, चांगला अर्धा तास बसला आणि त्याला गोळी लागली नाही. दुसऱ्या गुरुवारी एक बाई घागर घेऊन धावली. तिलाही लागली नाही. त्यानंतर सगळेच जाऊ लागले.

“तीन सूर,” या गुरुवारी त्याच खडकाआड सर फलक उलटसुलट करून बघत म्हणाले. “तीस वर्षांपूर्वी मला हे सुचायला हवं होतं. प्रक्रियक मोकळा राहतो म्हणतेस?”

“पूर्ण मोकळा. नवी आज्ञावली चिपला सूर सांगते आणि लगेच परत फिरते.”

“परत फिरून काय करते?”

“काय करणार? बसते.”

“यंत्र बसत नाही, यमुना. ते पुढच्या ओळीवर जातं.”

“पण धून चालू असताना बंदूक थांबवायची ओळ तुमच्या स्थिरस्मृतीत, यंत्रात कायमच्या कोरलेल्या आज्ञांत, असेलच ना, सर?”

“असणार. लिहिली नसती तर वीस वर्षं ती थांबली कशी असती?” सर हसले. मग त्यांनी फलक पिशवीत ठेवला आणि चष्मा पुसला. “तरी मला जुनी वही काढून वाचू दे. प्रत्येक ओळीपुढे मी कारण लिहिलंय. पुढच्या गुरुवारी सांगतो. तोवर बसवू नको.”

यमुना हो म्हणाली. सरांशी ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली, ती ही वेळ. पुढच्या गुरुवारी तिच्या मुलीचं लग्न होतं आणि लग्न काही पुन्हा होणार नव्हतं.

त्या गुरुवारी तिने वरच्या खोलीत संगणकाच्या मागच्या खाचेत नादफलक बसवला, नवी कॅसेट लावली आणि आज्ञावली भरली जाईपर्यंत चार मिनिटं खिडकीतून खाली पाहत उभी राहिली. काठावर घागरी, पिंपं, हातगाड्या घेऊन माणसं थांबली होती. सर्वांत पुढे निशी हिरव्या साडीत आणि उदय कोऱ्या फेट्यात. तिने कळ दाबली.

भोंग्यातून तीन सूर एकदम बाहेर पडले आणि खालची माणसं चकित होऊन वर बघू लागली. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पलीकडून ओळखीचा एकेरी रडका सूर उत्तराला आला. दोन्ही काठांवरून माणसं खाली उतरू लागली. वाळूला पाय लागताच उदयने खरंच दोन गिरक्या घेतल्या आणि पल्याडच्या बायकासुद्धा हसल्या. यमुनेला त्या क्षणी फार बरं वाटलं. हे तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

डोक्यावरच्या मजल्यावर बंदुकीचा फिरता पाट करकरला.

पहिली फैर हातगाड्यांवर बसली. गाडीवानाचा जबडा उडाला आणि तो दांड्या धरूनच गुडघ्यांवर आला. दुसरी फैर काठालगतच्या झऱ्याकडे धावलेल्या बायकांतून आडवी गेली. घागरी फुटल्या, पाणी लाल झालं. लोक पळू लागले, आणि पळणारंच तर बंदुकीला दिसत होतं. जो पळाला तो पडला. उदयने निशीला खाली ढकललं आणि तिच्या अंगावर पडला, तेवढ्यात त्याच्या पाठीतून चार गोळ्या गेल्या. एक त्याच्यातून आरपार जाऊन निशीचा डावा कान घेऊन गेली. एक म्हातारी जागच्या जागी उभी राहिली म्हणून वाचली होती. नातवाला हाक मारायला तिने हात वर केला आणि तो हात कोपरापासून गेला. वरून तीन सूर वाजतच होते, गोड आणि अगदी तालात.

“हलू नका,” यमुना खिडकीतून ओरडत होती, “पडून राहा.” भोंग्यापुढे तिचा आवाज तिलाही ऐकू येत नव्हता. तिने सगळ्या कळा बडवल्या. यंत्राला बंद करायची कळच नव्हती. विजेचा मुख्य खटका तळमजल्यावर दलाच्या कुलपात. ती जिन्यावरून घसरत खाली गेली, हातोड्याने कुलूप फोडलं आणि खटका पाडला. यात तीन मिनिटं गेली. त्रेचाळीस माणसं मेली. सव्वीस अल्याडची, सतरा पल्याडची.

पल्याडची बंदूक त्या तीन मिनिटांत गप्प होती. त्यानंतरही, तिकडची धून संपेपर्यंत, सदतीस मिनिटं गप्पच होती.

दलप्रमुख हंबीर निकम दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेत आला. साथीपूर्वी तो साखर कारखान्यात काट्यावर वजनं करत असे. आवाज कधी चढवत नसे आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेत असे. म्हणूनच लोक त्याला भीत.

“लोकांना मी सांगितलंय की गोळ्या पल्याडहून आल्या,” तो म्हणाला. “तुम्ही मला खरं सांगा, काटकरबाई.”

यमुना रात्रभर झोपली नव्हती. कुणीतरी आपल्याला शिक्षा करावी असं तिला वाटत होतं. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं, शिकवल्यासारखं.

“धून चालू असताना बंदूक थांबवायची ओळ यात नाहीच, साहेब. कधीच नव्हती. आज सकाळी मी स्थिरस्मृती उतरवून वाचली. आज्ञावली गोल फिरते: वेधक बघ, काही हललं तर झाड, कळ बघ, धून ऐकू येते का बघ, परत वेधक बघ. धून लागली की प्रक्रियक कर्णा हलवण्यात अडकायचा. चाळीस मिनिटं तो वेधकाकडे येतच नव्हता. आपण समजत होतो की बंदूक थांबते. तिला वेळ मिळत नव्हता.”

“आणि तुमच्या फलकाने तिला वेळ मिळाला.”

“हो.”

“म्हणजे काल पल्याडची बंदूक गप्प बसली ती शब्दाला जागून नाही.”

“नाही. तिचं यंत्र गात होतं. गाताना तिला काही करता येत नाही.”

“आपण धून लावली की ती गाते. आपोआप. त्यांना नको असलं तरी.”

“हो,” यमुना म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं की आपण काय देऊन बसलो.

निकम शांतपणे म्हणाला, “वीस वर्षं आपण त्यांच्या बुरुजाला भीत होतो. पुढच्या गुरुवारी आपल्या बंदुकीतला गोळ्यांचा पट्टा उतरवून ठेवायचा आणि धून लावायची. दोनशे माणसं पात्र ओलांडतील. चाळीस मिनिटांत त्यांचा बुरूज आणि सगळे झरे आपले.” गोळ्या दोन्ही गावांत फक्त बुरुजांपुरत्याच उरल्या होत्या, बाकी सगळं कोयत्यांनी आणि भाल्यांनी चालायचं.

“साहेब, शिरगुप्पे सर पल्याड आहेत. त्यांना हे कळलेलं असणार.”

“कळून काय करतील?”

यमुनेने टेबलाची कड धरली. “मी दोन फलक केले होते. दुसरा त्यांच्याकडे आहे. त्यांनी बसवला तर त्यांची बंदूकही गाता गाता गोळ्या झाडेल. आपली माणसं पात्राच्या मध्यावर असताना.”

“काल पलीकडून एकच सूर आला.”

“तेव्हा बसवला नव्हता. आता बसवतील.”

“त्यांची सतरा माणसं आपण मारल्यावर म्हातारा धुनीचा सूर सुधारत बसेल?” निकमने मान हलवली. “तुमचे गुरू तिकडे आहेत, बाई. त्यांना वाचवायला तुम्ही हे सांगताय. खरं असेल तर तुम्हाला भिंतीशी उभं करावं लागेल आणि मला यंत्र चालवायला दुसरं कुणी नाही. खोटं असेल तर मी ऐकलंच नाही. गुरुवारी धून तुम्हीच लावणार. पहिल्या रांगेत तुमची मुलगी असेल. तिने स्वतः मागून घेतलंय.”

निशी घरात पाटा घेऊन कोयत्याला धार लावत बसली होती. डोक्याला पट्टी, अंगावर दलाचा खाकी सदरा. यमुनेने तिला सगळं सांगितलं. गोळ्या कुणाच्या, फलक कुणाचा, दुसरा कुठे आहे, सगळं. निशीने धार लावणं थांबवलं नाही.

“तू गेलीस तर मरशील,” यमुना म्हणाली. “सरांनी फलक बसवला असेल तर पात्राच्या मध्यावर पोचायच्या आत मरशील.”

“आणि नसेल बसवला तर?”

“तर ती माणसं मरतील. पाणी भरणारी. तुझ्यासारखीच.”

“उदयला कुणी मारलं, आई?”

यमुनेने पाट्याशेजारी सांडलेलं पाणी पदराने पुसलं.

“मी विचारतेय. कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय मला श्वास येत नाहीये. पल्याडचे नकोत म्हणतेस. मग कुणाला मारू? तुला?” निशीने पहिल्यांदा वर पाहिलं. “सांग ना. तुला मारू?”

त्या आठवड्यात यमुनेने एकच गोष्ट मागितली, आणि कुणाकडे मागतेय हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. पल्याडची बंदूक गप्प राहू दे. त्याचा अर्थ काय होतो हे तिला समजत होतं. झऱ्यावरच्या बायका, म्हातारी माणसं, खुद्द सर. तरी तिने तेच मागितलं, आणि त्याची तिला लाज वाटली, आणि तरीही तेच मागितलं.

गुरुवारी सकाळी निकमच्या माणसांनी बंदुकीतून गोळ्यांचा पट्टा उतरवला आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. एक शिपाई यमुनेच्या मागे कोयता घेऊन उभा राहिला. काठाच्या उतारावर दोनशे माणसं दबून बसली होती. तिने कळ दाबली. तीन सूर बाहेर पडले.

पाच सूर झाले. मग पलीकडून उत्तर आलं.

तीन सुरांत.

“परत बोलवा,” ती शिपायाला म्हणाली. “बसवलाय त्यांनी. ऐका, तीन सूर आहेत, बोलवा त्यांना परत.” शिपायाला सुरांतलं काही कळत नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं होतं, की बाईला यंत्राला हात लावू द्यायचा नाही. दोनशे माणसं उतारावरून खाली सुटली होती. यमुनेने खिडकीचा गज धरला. निशी सर्वांत पुढे, पट्टी बांधलेलं डोकं खाली घालून धावत होती. पल्याडच्या बुरुजावर बंदुकीची नळी स्पष्ट दिसत होती. यमुना तिच्याकडे डोळे लावून सेकंद मोजू लागली. वेधकाला टिपायला एक सेकंद, पाट वळायला दोन. तीन झाले. दहा झाले. निशी रेड्याच्या खडकाशी पोचली. तीस.

नळी हलली नाही.

तीन सूर येत होते आणि नळी हलत नव्हती. मुलगी जगली, एवढं एकच तिच्या मनात आलं. हे कसं झालं असा प्रश्न पडायला आणखी काही क्षण लागले.

तेवढ्यात पल्याडच्या उतारावर माणसं दिसली. घागरी घेतलेली. आठवडाभराची तहान लागलेली, धून ऐकून बाहेर आलेली, पण भीतीने काठावरच थबकलेली. त्यांना धीर द्यायला एक म्हातारा एकटाच पुढे उतरला. पांढरं धोतर, खांद्याला कापडी पिशवी, आणि वर केलेल्या हातात एक वही. तो काहीतरी ओरडत होता. धावत येणाऱ्या माणसांच्या हातांत कोयते आहेत हे त्याला दिसलं असणारच. त्याने वही आणखी वर धरली.

निशीचा कोयता त्याच्या मानेत बसला. कोयता बसला तसा म्हातारा खाली बसला. मग बाकीचे पोचले. घागरी घेतलेल्या माणसांना मारायला फार वेळ लागत नाही. त्यांच्यातल्या काहींनी घागरीच फेकून मारल्या. एका बाईने दोन हातांनी कोयत्याचं पातं धरलं आणि बोटं तुटेपर्यंत सोडलं नाही. उतार चढून दोनशे माणसं वर गेली, घरांत शिरली. तिथलं यमुनेला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं, धुनीच्या मधून मधून. चाळीस मिनिटं पुरी व्हायच्या आत पल्याडचा बुरूज बंद झाला.

मागचा शिपाई जिना उतरून लूट बघायला पळाला.

निशी दुपारी बाराला परत आली. कोपरापर्यंत हात वाळलेल्या रक्ताने काळे झाले होते. तिने कापडी पिशवी टेबलावर ठेवली.

“यावर तुझं नाव आहे,” ती म्हणाली. “तो पळाला नाही, आई. तुझं नाव घेत होता. मला वाटलं मला चिडवतोय.”

पिशवीत दोन कॅसेटी होत्या आणि सरांच्या अक्षरातला कागद.

‘यमुना, वही वाचली. थांबायची ओळ मी कधी लिहिलीच नव्हती. ओळ नसताना बंदूक थांबत राहिली आणि मी ती लिहिली आहे असं धरून चाललो. चूक माझी आहे, वीस वर्षांची. तू मनाला लावून घेऊ नकोस. गेल्या गुरुवारी काय झालं ते इथे फक्त मला समजलं. लोकांना मी समजावलं आहे, काहींनी ऐकलं आहे. प्रक्रियक मोकळा झाला की काय करायचं ते त्याला सांगावं लागतं. मी सांगितलं आहे: धून संपेपर्यंत काही करू नकोस. माझ्याकडे फलक बसवला, चालतो. तू धून लावलीस की मी समजेन की तूही ओळ घातलीस, आणि सर्वांच्या आधी मी उतरेन. तरी खात्रीसाठी कॅसेट सोबत ठेवतो. नेहमीप्रमाणे दोन.’

यमुनेने कागद निशीकडे दिला आणि यंत्रापाशी बसली. एक कॅसेट लावली. चार मिनिटांत आज्ञावली भरली गेली. कोपऱ्यातला गोळ्यांचा पट्टा उचलून तिने वरच्या मजल्यावर नेला, बंदुकीत चढवला, खाली येऊन कळ दाबली. तीन सूर वाजू लागले.

“कुठे चाललीस?” निशीने विचारलं.

“चालते का बघायला.”

ती जिना उतरली, बुरुजातून बाहेर पडली आणि उतारावरून पात्रात गेली. वर बंदूक होती, भरलेली. तिने मान वळवून पाहिलं नाही. वाळूवरून, हातगाड्यांच्या मोडक्या चाकांवरून, रेड्याच्या खडकावरून ती नेहमीच्या चालीने चालत गेली. गोळी सुटली नाही. सरांची ओळ पहिल्याच फटक्यात चालत होती. त्यांचं काम असंच असायचं.

पल्याडच्या उताराखाली ते पडले होते. तिने त्यांची वही उचलली, मिटली, त्यांच्या छातीवर ठेवली आणि शेजारी वाळूत बसली. त्यांना सांगायला तिच्याकडे पुष्कळ होतं. तीन सूर वाजत होते. किती मिनिटं झाली हे तिला न मोजताही कळत होतं. धून संपली की प्रक्रियक पुढच्या ओळीवर जाणार होता. ती उठली नाही.

चाळीस मिनिटांनी धून संपली. पात्रात एकदम शांतता झाली. सरांच्या धोतराचा सोगा वाऱ्यावर उचलला गेला आणि अल्याडच्या बुरुजावर बंदुकीचा पाट करकरला. यमुनेने हात पुढे करून सोगा दाबून धरला.

मग पुन्हा तीन सूर सुरू झाले.

तिने बुरुजाकडे पाहिलं. वरच्या खिडकीत निशी उभी होती. एका हातात सरांचा कागद होता आणि दुसरा हात कळेवर.